डोंगरावरचा म्हातारा आणि पडद्यामागचे मामा

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण माझ्या सासुरवाडीत, वडनेर भोलजीला, लहानथोर सगळ्यांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. तिथून ती नांदुऱ्याच्या बाजारात पोचली आहे. मग तुमच्यापासून लपवून माझी कोणती अब्रू वाचणार आहे? घ्या, चहा घ्या अन् ऐका.

माझं डोणगावात जनरल स्टोअर आहे. बांगड्या, दोरे, वह्या, लग्नाच्या पत्रिकांवर लावायची टिकली, असलं सगळं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. हा पडदा चांगला जाड आहे, अशी माझी समजूत होती.

दुपारी दुकानात माशीसुद्धा फिरकत नाही. पूर्वी त्या वेळेला मी मोबाईलवर आलेले सुविचार पुढे पाठवत बसायचो. पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी पल्लवी त्याला इतकी कंटाळली, की दिवाळीला आली तेव्हा तिनं माझ्या फोनमध्ये एक गेम टाकून दिला. म्हणाली, बाबा, हे खेळा, पण ते गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ बंद करा.

गेम तसा नेहमीचाच. आपण एक तरणाबांड गडी, हातात काठी, जंगलातून हिंडायचं, लांडगे हाणायचे. पण पुढे त्यात एक भाग येतो. एका म्हाताऱ्याला डोंगरापलीकडच्या गावी सुखरूप पोचवायचं. बस्स, एवढंच काम. आणि हा म्हातारा चालतो कसा म्हणाल, तर लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवाची घोडीसुद्धा त्याच्यापुढे एक्सप्रेस वाटावी. आपण पुढे गेलो की हा मागे उभा. लांडगा आला की पळायचं सोडून त्याच्याकडे बघत राहतो. लाकडी पुलावरून जाताना कडेकडेनं चालतो आणि पडतो खाली. तो मेला की सगळं पहिल्यापासून.

पल्लवी म्हणाली, बाबा, या भागाला सगळी दुनिया शिव्या घालते, कसाबसा पार करा आणि पुढे जा.

आता माझा स्वभाव बघा. दुनिया ज्याला शिव्या घालते, ते मला आवडलं. अगदी मनापासून. अहो, बाजारात बायको माझ्या पुढे चालते, मित्र गाडीवरून उतरत नाहीत, गिऱ्हाईक सुटे पैसे घ्यायलासुद्धा थांबत नाही. आणि इथे एक माणूस माझ्यासोबत निवांत चालतोय, झाडापाशी थांबतोय, माझ्याकडे वळून बघतोय. इंग्रजीत काहीतरी बोलायचासुद्धा. मला कळायचं नाही, पण माणूस विचारी वाटायचा. मी तो भाग पार केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मग पुन्हा. पुढच्या भागात काय आहे, मला आजतागायत माहीत नाही.

माझा वर्गमित्र सुधाकर मेहकरला मास्तर आहे. त्याच्याही फोनमध्ये हाच गेम. त्यानं म्हाताऱ्याला पाहिलं आणि वैतागून खेळणंच सोडलं. मग मी रोज दुपारी त्याला फोन करून म्हाताऱ्याची खबर द्यायचो. जरा चिडवायला, जरा मोठेपणा मिरवायला.

अशातच माझे सासरे, नामदेवमामा, आमच्याकडे आले. मेहकरला त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, धक्का बसू देऊ नका, वाकू नका, सावकाश चाला. तेव्हा माझी बायको वंदना त्यांना हट्टानं डोणगावलाच घेऊन आली. मामा म्हणजे अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. आयुष्यभर वांगी-टोमॅटोची शेती केली, पण कुणाला मोठ्या आवाजात बोलले नाहीत. आल्यावर काळा चष्मा लावून ते दिवाणावर पडून असायचे.

दिवाण कुठे, विचाराल तर पडद्याच्या मागे.

आता मी सुधाकरशी काय बोलायचो, ते ऐका. आणि ऐकताना तुम्ही डोळ्यावर काळा चष्मा लावलेले, लेकीच्या घरी आलेले सासरे आहात असं समजा.

"तुले सांगतो, म्हातारा चालतच नाई बे. चार पावलं टाकते अन् उभा राह्यते."

"नाई नाई, मले तरास नाई. उलट मजा येऊन राह्यली. काल पुलावरून पडला ना, मी लई हसलो."

"मेला तर मेला. पुन्हा सुरू करू, त्यात काय?"

असं रोज. मधे पडदा. आणि मी मोकळ्या गळ्यानं बोलणारा माणूस.

दोन-चार दिवसांत मामांमध्ये फरक दिसायला लागला. पाणी प्यायला उठले की तुरुतुरु चालायला लागले. अंगणातून न्हाणीकडे तर ते अक्षरशः धावतच जायचे. मी दुकानातून घरात शिरलो, की झोपलेला माणूस टुणकन उठून बसायचा. ताटातली भाकर अर्धी मोडून परत द्यायचे, म्हणायचे पोट भरलं. वंदना काळजीत पडली. मी तिला म्हणालो, अगं, ही तब्येत सुधारल्याची लक्षणं आहेत, बघ कसे चपळ झाले. आणि त्या दुपारी आनंदाच्या भरात सुधाकरला फोनवर सांगितलं की आता मला युक्ती सापडली आहे, म्हाताऱ्याला थोडी भीती दाखवली की तो बरोबर चालतो.

पडद्यामागे दिवाण करकरला. मला वाटलं, मामांनी कूस बदलली.

मग फेरतपासणीचा दिवस आला. मामांना गाडीवर बसवून मेहकरला न्यायचं होतं. मी गाडी पुसून दारात उभी केली, तर मामा म्हणाले की एसटीनं जाऊ. मी म्हटलं, मामा, एसटीत धक्के बसतील. ते म्हणाले, गाडी हळू चालवाल का? हळूच चालवतो म्हटलं. मग मामांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "जवाईबापू, वाटेत पूल लागते का?"

मी आपला सरळ माणूस. म्हणालो, लागतो की, नाल्यावरचा, चांगला उंच आहे.

मामा घरात गेले आणि वंदनाला म्हणाले, तू संग ये. शेवटी आम्ही तिघं एका गाडीवर बसून गेलो. वंदना मधे, आणि मागे बसलेल्या मामांनी तिच्या खांद्याला अशी घट्ट मिठी मारली होती, की पुलावर ती कळवळली. त्या दिवशी मामांनी संधी साधून दवाखान्याच्या बाहेरून मुलाला, म्हणजे माझ्या साळ्याला, गजाननला फोन लावला. कानावर पडलेलं सगळं त्याला सांगून म्हणाले, मला न्यायला ये, आणि पोरीला काही कळू देऊ नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे भाजी वाहायची पिकअप येऊन उभी राहिली. गजानन उतरला. त्याच्यामागून वंदनाची सखुआत्या उतरली. सखुआत्या म्हणजे मामांची धाकटी बहीण, पण सगळं घराणं तिला वचकून असतं. मला आनंद झाला, मी हात जोडून या-या केलं, डोळा बघायला आले असतील म्हणून वंदनाला चहा टाकायला सांगितला. आत्यानं हातानंच नको म्हटलं, आणि दोघं पडदा सारून सरळ आत मामांपाशी गेली.

आमच्याकडे सासरच्या माणसानं चहा नाकारणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे.

गजानन वयानं माझ्याहून लहान, मला मान देणारा पोरगा. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "भाऊजी, बाबा जड झाले होते तर आम्हाले सांगाचं होतं. आम्ही मेलो होतो का?"

वंदना चहाचं भांडं हातात घेऊन दारातच थिजली. मी म्हटलं, जड कशाला होतील, घरचं माणूस. तेव्हा सखुआत्यानं एकेक गोष्ट काढली. चालत नाही म्हणून नावं कोण ठेवतं? पडला म्हणून हसतं कोण? भीती दाखवून चालवतो असं रोज मेहकरच्या माणसाला फोनवर कोण सांगतं? शेवटी म्हणाली की मेला तर मेला, पुन्हा सुरू करू, हे शब्द माझ्या भावानं स्वतःच्या कानांनी ऐकले. मामा दिवाणावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. धोतर-सदरा भरून झालेला होता.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आणि तेव्हा मी जे केलं, ते आयुष्यात कुणी करू नये. मी हसलो. आवरेच ना. वंदनानं माझ्याकडे असं बघितलं, की इतक्या वर्षांच्या संसारात तसं कधी बघितलं नव्हतं. ती रडत नव्हती. ती मला नव्यानं ओळखू पाहत होती. माझं हसू जागच्या जागी विझलं.

मी घाईनं म्हणालो, अहो, हे मामांबद्दल नव्हतं, तो म्हातारा वेगळा आहे.

"म्हंजे तुम्ही आनखी एक म्हातारा मारून राह्यले?" आत्या म्हणाली.

गजानन उभा राहिला. मी खिशातून फोन काढला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या दुकानदारानं आपल्या सासुरवाडीच्या माणसांना गेम लावून दाखवला. हा बघा म्हातारा, हा डोंगर, हा पूल, हा मी. गजाननला लगेच समजलं, त्यानं तोंडावर रुमाल धरला. वंदना भिंतीला टेकून खाली बसली आणि तिच्या तोंडून फक्त "अहो" एवढंच निघालं. आत्याला मात्र सगळं नीट बघायचं होतं. ती म्हणाली, चालवा, पाहू.

माझी भीड चेपली. मी दिवाणावर मांडी घालून बसलो आणि त्यांना समजावायलाच लागलो. म्हटलं, आत्या, लोकांना घाई झाली आहे. सगळं जग या म्हाताऱ्याला शिव्या देतं, पण मी त्याच्या कलानं चालतो. म्हाताऱ्या माणसाच्या पायानं चालण्यात काय सुख असतं, ते मला या खेळानं शिकवलं. मामांनी पिशवी बाजूला ठेवली, सरकत माझ्याजवळ आले, आणि चष्मा जरा वर करून, ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानं फोनमध्ये बघू लागले.

म्हातारा झाडापाशी थांबला, माझ्याकडे वळला, काहीतरी बोलला.

"हा गळ्याले हात काऊन लावून राह्यला?" मामांनी विचारलं.

मी म्हटलं, तो दर वेळी तसंच करतो. बहुतेक इंग्रजीतलं भजन म्हणत असेल.

मामा आणखी वाकले, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं असताना. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक तुंबा, पाणी ठेवायचा वाळका भोपळा, लाल होऊन लुकलुकत होता. तो पहिल्यापासून तिथे होता. मला ती नक्षी वाटली होती. मामांनी शेतकऱ्याचं जाड बोट त्या तुंब्यावर टेकवलं.

माझ्या त्या तरण्याबांड गड्यानं कमरेचा तुंबा काढला, म्हाताऱ्याच्या तोंडाला लावला. गटगट, गटगट असा मोठ्ठा आवाज आला. आणि अहो, तो म्हातारा कमरेत सरळ झाला आणि लाकडी पुलाच्या मधोमध, धोतराचा सोगा सावरावा तसा अंगरखा सावरत, चांगला भराभर चालत पलीकडे गेला. मी इतके महिने त्याला तहानेनं अर्धमेला करून डोंगर चढवत होतो, आणि त्यालाच निवांतपणा समजून लोकांना सुनावत होतो.

सखुआत्या वंदनाकडे वळून म्हणाली, "टाक आता चहा. अन् भावाले एक तांब्याभर पानी दे. जवाई भला मानूस हाय, पन त्याले काई समजत नाई."

गजानन पिकअप रिकामी घेऊन गेला. मामा आमच्याकडेच राहिले, डोळा पुरता बरा होईपर्यंत. पुन्हा सावकाश चालायला लागले, अख्खी भाकर खायला लागले. माझ्यावर त्यांचा काही राग राहिला नाही. फक्त त्यांनी एक सवय लावून घेतली. दुपारी मी गल्ल्यावर बसून फोन काढला, की पडद्यामागून आवाज यायचा, जवाईबापू, पाजलं का?

आता खरं सांगू? मला तो पळणारा म्हातारा अजिबात आवडला नाही. भर्रकन पलीकडे पोचतो, ना झाडापाशी थांबणं, ना वळून बघणं. मला माझा जुना, रेंगाळणाराच हवा होता. त्यामुळे एका दुपारी मी तुंब्याला हात न लावता, फोनमध्ये डोकं घालून, सहज म्हणून गेलो की हो मामा, पाजलं.

पडद्यामागे दिवाण पुन्हा करकरला.

"मंग गटगट काऊन नाई वाजलं?"