दोन खिडक्यांची दोरी

कोटांना काजं करणाऱ्या मावशींना कारखान्यात नावाने कोणीच हाक मारत नसे. शर्टांची काजं मशीन पाडायचं, पण भारी कोटांची हातानेच व्हायची आणि ती मावशींकडे यायची. मालकापासून इस्त्रीवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं बेताचं आणि ओठांत कायम काहीतरी धरलेलं. कामावर असल्या की सुई, घरी असल्या की कपड्यांचा चिमटा. "मावशींकडून शब्द काढायचा तर आधी तोंडातली सुई काढावी लागते," असं इस्त्रीवाली म्हणायची.

कपडे वाळत घालण्याच्या बाबतीत मात्र मावशींची मतं पक्की होती आणि ती त्या विचारलं नाही तरी सांगत. शर्ट खांद्याला चिमटा लावून टांगायचा नाही, खांद्यांना शिंगं येतात. खालच्या शिवणीला धरून उलटा टांगायचा. रंगीत कपडा आतली बाजू बाहेर करून. पँटचे खिसे ओढून बाहेर काढायचे, नाहीतर सगळं वाळतं आणि खिसे तेवढे ओले राहतात. आतले कपडे टॉवेलच्या आड, पण उन्हात. "झाकावं, कोंडू नये," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची दोरीही साधी नव्हती. इमारतीला दोन जिने आणि मध्ये फरशीचं अंगण. एका जिन्याला तिसऱ्या मजल्यावर मावशींचं घर, समोरच्या जिन्याला त्याच मजल्यावर त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचं. दोघे भाऊ तरुण असताना त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी दोन्ही खिडक्यांबाहेर एकेक आडवी कप्पी ठोकली आणि त्यांवरून एकच अखंड दोरी फिरवली. म्हणजे अंगणावर दोरीचे दोन पदर झाले, एक जाणारा आणि एक येणारा. मावशींनी आपल्या पदराला कपडा लावून पुढे सरकवला की दुसरा पदर तेवढाच जाऊबाईंच्या खिडकीतून निघायचा आणि त्यांनाही पुढच्या कपड्याला जागा मिळायची. एकीने हात थांबवला की दुसरीचं घोडं अडलं. त्यामुळे दोघींनी एकाच वेळी बादली घेऊन उभं राहायचं, हे ठरवावं लागलंच नाही. दोरीनेच ते ठरवून टाकलं.

गंमत अशी, की या दोघी जावा गेली आठ-नऊ वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोललेल्या नव्हत्या.

कारणही कपड्यांचंच. थोरले भाऊ आधीच गेले होते. मग मावशींच्या नवऱ्याने अंथरूण धरलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. त्या महिन्यांत दोरीवर मावशींच्या बाजूने रोज चादरी असत. कधी एक, कधी तीन, कधी त्याहून जास्त. एके दिवशी अंगणातल्या नळापाशी कोणीतरी मावशींच्या कानावर घातलं, "तुमच्या जाऊबाई म्हणत होत्या, रोज समोर त्या चादरी लोंबतात, जेवण जात नाही."

मावशींनी घरी येऊन बादली उचलली आणि उरलेल्या चादरी धुतल्या. त्या दिवसापासून त्यांनी जाऊबाईंच्या बाबतीत तोंडाला कुलूप लावलं. दिवसकार्याला जाऊबाई आल्या, कोपऱ्यात बसल्या, गेल्या. मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला, पण नजर पेल्यावरच ठेवली.

दोरी मात्र चालू राहिली. सकाळी खिडकीशी आलं की दोरीला दोन हिसके द्यायचे, म्हणजे "मी आले". तिकडून दोन हिसके आले की सुरुवात. पावसाची सर आली आणि मावशी कारखान्यात असल्या, तर जाऊबाई दोरी ओढून मावशींचेही कपडे आत घेत आणि पाऊस थांबला की घड्या घालून पिशवीत भरून तीच पिशवी दोरीला अडकवून परत पाठवत. आभार नाहीत, नमस्कार नाही. पण मावशींना समोरचं सगळं कळायचं. जाऊबाईंच्या पायाला सूज आली की मोज्यांच्या जागी पट्ट्या वाळत. भाची राहायला आली की एक फुलाफुलांचा गाऊन. दोन दिवस फक्त रुमालच रुमाल, म्हणजे सर्दी. अबोला धरलेलं माणूस एवढं सगळं सांगतं, हे मावशींनी स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

मग घरात सून आली. पोरगी कामसू, मनाने चांगली, पण दोरीकडे पाहिलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"आई, आपले कपडे म्हणजे आपली घरातली गोष्ट. ती सगळ्या इमारतीला कशाला दाखवायची?"

"दाखवत कोण बसलंय? वाळवतेय."

"परवा माझ्या ऑफिसातली आली होती. चहा पिता पिता खिडकीकडे बघून म्हणते, तुमच्या घरात झेंडावंदन रोज होतं का? बघते तर ह्यांचे ठिगळाचे बनियन!"

"ठिगळ मी लावलंय," मावशी म्हणाल्या. "जवळून बघितलं असतं तर दिसलंही नसतं."

त्यातच इमारतीला रंग द्यायचं ठरलं आणि सेक्रेटरींना जोर चढला. सकाळी स्कूटर पुसता पुसता ते वर बघून ओरडायचे, "मावशी, रंग झाल्यावर ही तोरणं बंद हं! आपली इमारत आहे, लाँड्री नाही!" मावशी वरून मान हलवायच्या. ती होकाराची की नकाराची, ते खालून कळायचं नाही.

सुनेने पगारातून कपडे वाळवायचं मशीन आणलं. मावशींनी नाक मुरडलं नाही. मशीनमधून निघालेला टॉवेल गालाला लावून त्या म्हणाल्या, "भट्टीतून काढलेल्या पावासारखा आहे गं." खरंच आवडलं होतं त्यांना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन त्या पुन्हा खिडकीतच. "मशीन आहे ना आता?" सून म्हणाली. "आहे की," म्हणत मावशींनी दोरीला दोन हिसके दिले.

आईचे कष्ट वाचावेत, बायकोची कटकट थांबावी आणि सेक्रेटरींचं तोंड बंद व्हावं, असे तीन पक्षी मुलाने एका दगडात मारले. त्या रविवारी कारखान्यात घाईचं काम होतं म्हणून मावशी गेल्या होत्या. परत येतात तो खिडकीबाहेर नुसतं आभाळ. मुलगा खुशीत होता.

"आई, बघ किती मोकळं वाटतंय! उजेड बघ केवढा आला!"

दोरी कापून, ओढून घेऊन त्याने नीट गुंडाळी करून बादलीत ठेवली होती. बाहेर कप्पी तेवढी उरली होती, ती वाऱ्याने किंचित फिरत होती.

"तिकडे विचारलंस?" मावशींनी विचारलं.

"काकूला? तू तरी बोलतेस का तिच्याशी?"

मावशींनी बादलीतली गुंडाळी उचलली आणि परत ठेवली.

सोमवारी सकाळी जाऊबाई बादली घेऊन खिडकीत आल्या. सवयीने हात बाहेर काढला. हात कप्पीवर फिरला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग त्यांनी समोर पाहिलं. मावशी समोरच उभ्या होत्या. हाक मारावी असं त्यांना फार वाटलं, पण इतक्या वर्षांनी पहिला शब्द कोणता काढायचा तेच सुचेना. जाऊबाईंनी बादली उचलली आणि खिडकी लावून घेतली. जोरात नाही, हळूच. जोरात लावली असती तर मावशींना बरं वाटलं असतं.

त्या दिवशी कारखान्यात मावशींनी कोटाच्या उजव्या बाजूला काजं पाडली, जिथे बटणं यायची तिथे. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इस्त्रीवाली कोट उचलून बघतच राहिली.

"मावशी, हा कोट आरशात बघून घालायचा का?"

एरवी मावशी हसल्या असत्या. आज म्हणाल्या, "तिला वाटेल मीच कापली."

"कोणाला? काय कापलं?"

"दोरी."

इस्त्रीवालीला सगळं ठाऊक होतं, कारखान्यात अशा गोष्टी लपत नाहीत. इस्त्री उभी ठेवून ती म्हणाली, "मग जाऊन सांगा की. आज तोंडात सुईही नाही, ते तोंड तरी वापरा!"

दुपार कलताना मावशी घरी आल्या. मुलगा कामावर, सून नुकतीच आली होती. मावशींनी बादलीतली दोरी काढली, मुलाच्या एका पायमोज्यात बटाटा घातला, मोजा दोरीच्या टोकाला बांधला आणि समोरच्या खिडकीच्या दिशेने भिरकावला. अंगणाच्या अर्ध्यापर्यंतही तो गेला नाही. ओढून घेतला, पुन्हा फेकला. या खेपेला मोज्यातून बटाटा सुटला आणि खाली सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर धप्पकन पडला.

"कोण आहे रे तिकडे?" खालून आवाज आला.

समोरची खिडकी उघडली.

"काय गं धाकटे," जाऊबाई म्हणाल्या, "आता बटाटे मारायची पाळी आली का?"

नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. मावशींच्या हातात रिकामा मोजा लोंबत होता.

"मारत नाही हो. दोरी आहे ती."

"कापलीस ना? मग आता कशाला?"

"मी नाही कापली, जाऊबाई. पोराने कापली. मी घरात नव्हते. मला विचारलं असतं तर..."

जाऊबाईंनी खिडकीचं दुसरं दारही उघडलं. मग म्हणाल्या, "ती घेऊन इकडे ये. फेकून दोऱ्या लागतात होय? तुझा नेम आधीपासूनच दिव्य."

मावशी दोरी खांद्यावर टाकून उतरल्या, अंगण ओलांडलं आणि समोरचा जिना चढल्या. जाऊबाईंनी दार उघडंच ठेवलं होतं. घरात काही बदललं नव्हतं, फक्त खुर्ची खिडकीपाशी सरकली होती. कप्पीत दोरी ओवायला मावशी खिडकीतून वाकल्या आणि तशाच थांबल्या.

समोर त्यांचंच घर होतं. इतकी वर्षं त्यांनी ते इथून पाहिलं नव्हतं. खिडकी, खिडकीमागे भिंत आणि भिंतीला लागून ती खाट. आता तिच्यावर उशा रचल्या होत्या. नवऱ्याच्या आजारपणात ती रिकामी नसायची. इथे बसलेल्या माणसाला सगळं दिसत असणार. एक पडदा तेवढा असायचा मध्ये, त्यांनीच रोज घातलेला, ओल्या चादरींचा.

"म्हणाले होते मी," मागून जाऊबाई म्हणाल्या. "नळावरची बाई खोटं नाही बोलली. जेवण जात नव्हतं मला. पण किळस आली म्हणून नव्हे गं. चादरी मोजल्या की कळायचं रात्र कशी गेली ते. एक असली की वाटायचं झोपला असेल. चार दिसल्या की माझ्या ताटातला घास खाली राहायचा. माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला होता तो."

मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. कप्पीवरची धूळ त्या पदराने पुसत राहिल्या.

"मग सांगायचं होतंत."

"तू मान वर केली असतीस तर सांगितलं असतं. तू पेल्याकडे बघत होतीस." जाऊबाई नाक ओढून म्हणाल्या, "आणि मीही काही कमी नाही. हिने विचारलं तरच सांगीन, म्हणून बसले. बसले ती बसलेच."

खालून सेक्रेटरींचा आवाज आला. बटाटा हातात घेऊन ते वर बघत होते. "मावशी, हा काय प्रकार? रंगाचं ठरलंय ना आपलं?"

"रंग बाहेरून देणार ना?" जाऊबाई खिडकीतून ओरडल्या. "आतल्या अंगणात तुमच्याशिवाय कोण बघतंय? आणि आता खाली उभेच आहात, तर जरा टोकं धरा."

मावशींनी कप्पीवरून दोरी ओवून दोन्ही टोकं अंगणात सोडली. पण पलीकडे ती वर ओढून घ्यायला कोणी नव्हतं. त्यांच्या घराच्या खिडकीत त्यांनीच असायला हवं होतं. त्या उतरायला निघणार तेवढ्यात समोर सून दिसली. ती बहुधा मघापासूनच तिथे होती, डोळे पुशीत. तिच्या हातात कोटाच्या काजांच्या दोऱ्याचं रीळ होतं.

"आई, हा चालेल का? तुटणार नाही ना?"

"माझा दोरा आहे तो," मावशी म्हणाल्या. "सोड खाली."

सेक्रेटरींनी पुटपुटत दोन्ही टोकं दोऱ्याला बांधली, सुनेने ती वर ओढली, एक कप्पीवरून फिरवलं आणि गाठ मारली. गाठ पहिल्या ओढीलाच सुटली. "दोनदा घाल!" दोन्ही जावा एकदम ओरडल्या.

मशीन घरात राहिलं. टॉवेल आणि मुलाच्या पँटी त्यात जात. सुनेचे कपडेही त्यातच, त्याला मावशींचा आक्षेप नव्हता. बाकीचे दोरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बादली घेऊन खिडकीत आल्या आणि सवयीने दोरीला दोन हिसके दिले. समोर जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तोंड आहे ना गं तुला आता? दोरी कशाला ओढतेस?"

मावशींच्या ओठांत चिमटा होता. त्यांनी आणखी दोन हिसके दिले.