मी साक्षीला होतो

साक्षी म्हणजे ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो. शब्दाचा हा अर्थ मी फार उशिरा एका कोशात वाचला आणि कोश मिटून ठेवला. आमच्या बेळगावात हा शब्द मराठीत चालतो तसाच कानडीतही चालतो. त्यामुळे मला तो कळला नव्हता, अशी सबब सांगायचीही सोय नाही.

वडील गेल्यावर थोरल्या अण्णानं आक्काचं हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. आक्का आमची बहीण, नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. शेतातला हिस्सा ती हसत सोडणार होती. परसातली खोली मात्र तिची, असं वडील आम्हा सगळ्यांदेखत बोलले होते. कागदावर काहीच नव्हतं.

नोंदणी कचेरीतला कागद कानडीत होता. आमच्या घरात कानडी सगळेच बोलतात, पण वाचता येतं ते मला एकट्याला. मला तेवढं कानडी शाळेत घातलं होतं.

"बघ रं, माझी खोली न्हाय न्हवं त्यात?" आक्कानं विचारलं.

मी वाचलं. खोली होती, चारी बाजूंच्या हद्दींसकट. अण्णा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याच घरात राहत होतो, माझ्या लग्नाचं तोच बघत होता. शेपूट घालणं म्हणतात ते हेच.

"न्हाय, आक्का."

तिनं मराठीत सही केली. खाली 'साक्षीदाररु' असं छापलं होतं, तिथं मी कानडीत केली. अक्षर सुरेख आलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढं अण्णाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि नव्या बांधकामासाठी खोली पाडली. आक्का अनगोळात भाड्यानं राहायला गेली. मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. उलट नातेवाइकांना सांगायची, "त्याला काय कळतंय, सरकारी कानडी ते." मी मान खाली घालून ऐकायचो. तिनं एकदा तरी मला शिव्या द्याव्यात, असं फार वाटायचं.

गेल्या महिन्यात तिचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यातला संमतीचा कागदही कानडीतच, खाली साक्षीदाराची जागा. खाटेजवळ बसून मी एकेक ओळ मराठीत करून सांगू लागलो.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "त्या दिवशीबी तू वाचलंवतंस की."

मी कागद मांडीवर ठेवला.

"तवाच कळलंवतं मला. लबाड बोललास की कान लाल हुत्यात तुझं, ल्हानपणापास्नं."

"मग सही का केलीस, आक्का?"

"चारचौघांत भावाला खोटं पाडू व्हय?"

तिनं सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि तिला वाचता न येणाऱ्या त्या कागदावर साक्षीदाराची जागा बोटानं बरोबर दाखवली.