भरल्या गाडीचा उजेड

गाडीचे दोन दिवे निवडायला माणसाला किती वेळ लागावा? धावजी आडेला अख्खा दिवस लागला. तेवढा वेळ मी लोहारा गावातल्या गॅरेजात चहावर चहा पीत बसले. गॅरेज माझ्या मावसभावाचं, भीमराजचं. धावजीला तिथे न्यायची हौसही माझीच, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

मी घाटंजी तालुक्यात, धावजीच्या तांड्याजवळच्या उपकेंद्रात नर्स आहे. बाई अडलेली असो की लेकरू तापाने फणफणलेलं, धावजीची पिकअप दाराशी हजर असते. माणूस पन्नाशीचा, बारीक, मिशांना तेल लावणारा आणि अतिशय बढाईखोर. बढाई मात्र एकाच गोष्टीची. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून न्यायचे आणि येताना मीठ लादून आणायचे. ‘आमचा बैल रिकाम्या पाठीनं कधी चालला नाही,’ हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पिकअपचंही तेच. जाताना कापूस, येताना सरकीची ढेप. काहीच मिळालं नाही तर कुणाचं कपाट, कुणाची चूल. रिकामी गाडी घरी आणायची त्याला लाज वाटायची.

एवढा हा वाहतूकदार, पण अंधारात गाडी चालवत नसे. जुने दिवे मिणमिणते. एकदा बिनदिव्याची बैलगाडी अगदी नाकाशी आल्यावर दिसली, तेव्हापासून दिवस मावळला की असेल त्या गावी गाडी लावायची आणि तिथेच मुक्काम. दिवाळी म्हणजे भाड्याचा हंगाम, त्यामुळे दिवाळीला घरी पोचणं काही त्याला जमलं नव्हतं.

बंजाऱ्यांच्या दिवाळीत अमावास्येला अंधार पडला की तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी हातात दिवे घेऊन निघतात. आधी नायकाचं घर, मग एकेक दार. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन ओवाळतात, गाणं म्हणतात. याला मेरा म्हणतात. लग्न झालं की पोरीचा मेरा संपला. धावजीची सोनू लहानपणापासून ओवाळत आली, पण बापाच्या वाटणीचा मेरा खुंटीवरच्या त्याच्या पागोट्याला. त्या साली तिचं लग्न ठरलं. दिवाळीनंतर ती जाणार होती.

“सिस्टर, यंदा अंधार पडला तरी मी घरी येतो,” तो मला म्हणाला. “मले दिवे पायजेत.”

म्हणून आम्ही लोहाऱ्याला गेलो. भीमराजने दोन प्रोजेक्टर सेट काढले. पुढे काचेचा फुगीर गोळा, आणि उजेड असा की वरची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ. समोरच्याच्या डोळ्यांत जायचं नाव नाही. एक सेट निळसर पांढरा, अप्पर-डिप्पर म्हणजे लांबचा-जवळचा दोन्ही उजेडवाला. दुसरा जरा पिवळा, नुसता डिप्पर. भीमराजची शिफारस पांढऱ्याची होती, सगळी पोरं तोच बसवतात म्हणे. धावजीने शेडचं शटर ओढायला लावलं, बाहेरून ओंजळभर माती आणली आणि उजेडात उधळली. भीमराजचा चेहरा बघण्यासारखा झाला. पांढऱ्या उजेडात नुसती धूळच पांढरीफेक दिसली, पिवळ्यातून मात्र पलीकडचं टायर दिसत होतं. मग दुसरी ओंजळ, तिसरी ओंजळ. दुपारपर्यंत आम्ही तिघेही मातीचे झालो, तेव्हा कुठे पिवळा पसंत पडला. अप्परचं काय, असं विचारलं तर म्हणाला, येणाऱ्याच्या डोळ्यात उजेड मारून मले काय भेटते.

मग भिंतीसमोर गाडी लावून दिव्यांचा कोन ठरवायची वेळ आली आणि खरा तमाशा सुरू झाला. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेडही वर जातो. भीमराज रिकाम्या गाडीवर कोन लावतो, सगळेच तसं करतात. धावजी हटून बसला. “माही गाडी रिकामी राह्यते काय कधी?” त्याने शेजारच्या गोदामातून सिमेंटची पोती मागून आणली, गाडी ठासून भरली आणि भरल्या गाडीवरच कोन लावून घेतला. वर, धक्क्याने हलायला नको म्हणून स्क्रूंना गोंदही लावायला लावला. गाडी कधी रिकामी असली तर उजेड पायाशीच पडेल, असं भीमराजने त्याला निक्षून सांगितलं. धावजीने मिशीवरून हात फिरवला. मी पर्स उचलली, मला घरी जायचं होतं.

आली दिवाळी. आदल्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला होता, आणि या वर्षी पावसाने सप्टेंबरातच अंग काढून घेतलं होतं. अमावास्येच्या दिवशी धावजी सोयाबीन घेऊन राळेगावला आला. मी तिथे आईकडे होते, परतीला त्याच्याच गाडीत बसले. येताना ढेप भरायची होती. पण कापूसच नाही तर सरकी कुठली, आणि सरकी नाही तर ढेप कुठली? मिलवाल्याने हात जोडले. धावजीने बाजारभर फिरून भाडं शोधलं. मडकी चालतील म्हणाला, कडबा चालेल म्हणाला. काही मिळालं नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो माझ्याकडे न बघताच गाडीत बसला. जन्मात पहिल्यांदा रिकाम्या पाठीने निघाला होता.

दिवस बुडाला, त्याने दिवे लावले. बॉनेटपुढे अंगणाएवढा सोनेरी तुकडा लखलखला. त्याच्या कडेपलीकडे मात्र काळंकुट्ट. अप्पर नव्हता, स्क्रू गोंदाने घट्ट. गाडी बैलाच्या चालीने चालायला लागली, मग थांबलीच.

“मीच माह्या हातानं बिघडवलं, सिस्टर,” तो म्हणाला. “पोरगी पुन्हा पागोट्यालेच ओवाळन.”

मला त्याचा राग आला होता, तो त्या वाक्याने पार गेला.

पुढच्या फाट्यापर्यंत कसेबसे सरकलो. तिथे शेवटच्या एसटीची वाट बघत बरीच माणसं ताटकळली होती. एसटी काही आली नव्हती. रामीबाई नावाची म्हातारी दोन बकऱ्या घेऊन पुढे झाली आणि विचारायच्या आत मागे चढलीसुद्धा. बकऱ्याही चढल्या. धावजी तिला काही सांगायला खाली उतरला, आणि समोर बघत तसाच उभा राहिला. उजेडाची कड हातभर पुढे सरकली होती.

मग त्याला जो चेव आला! एरवी ड्रायव्हर लोकांना पुढे सरका म्हणून ओरडतात, हा म्हणे मागे बसा, पार फाळक्याला टेकून बसा. जाडी माणसं आधी चढवली. हिरासिंग म्हणून एक हलवाई होता, भलामोठा देह, सोबत साखरेचं पोतं. त्याला तर धावजीने नवरदेवासारखा हाताला धरून चढवला. प्रत्येक माणूस चढला की हा पुढे पळत जाऊन बघायचा. उजेड पळसापर्यंत गेला, मग पुलापर्यंत, मग पुलापलीकडच्या वळणापर्यंत. लोकांना वाटलं याचं डोकं फिरलं. मी खिडकीतून सगळी हकिकत सांगितली, तेव्हा मागे असा हशा उठला की बकऱ्या बिचकल्या.

गाडी झकास निघाली. पण हिरासिंगचं गाव तांड्याच्या अलीकडे. तिथे धावजीने गाडी थांबवली खरी, पण तोंड एवढंसं झालं. मागून हिरासिंगचा आवाज आला, “आता कायले उतरू? पोरीचा मेरा पाहूनच जातो.” तो उतरला नाही म्हटल्यावर दुसरं कोणीच उतरेना. रामीबाईला तर आपलं गाव मागे गेल्याचीही फिकीर नव्हती. यांना परत कोण आणि कोणत्या उजेडात सोडणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तांड्यात शिरलो तेव्हा सगळी घरं झाली होती. पोरी धावजीच्या अंगणात होत्या. सोनूने आपलं घर शेवटी ठेवायला लावलं होतं. चंदाबाई, तिची आई, खुंटीवरचं पागोटं हातात घेऊन ओट्यावर बसली होती. आमचा उजेड बरोबर पोरींच्या कमरेपर्यंत पडला आणि त्यांच्या घागऱ्यांवरचे आरसे एकदम पेटले. भिंतींवर, कवलांवर, हिरासिंगच्या पोटावरसुद्धा कवडसे नाचायला लागले. पोरी हसत सुटल्या.

माणसं एकेक करून उतरू लागली, तसा उजेड हळूहळू खाली आला. कमरेवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून पायांवर. शेवटी हिरासिंग उतरला आणि उजेड जमिनीला टेकला. पोरींच्या चेहऱ्यांवर आता फक्त त्यांच्या हातातल्या दिव्यांचा उजेड होता. धावजी दिवे बंद करायला विसरूनच खाली उतरला.

सोनू पुढे आली. डोळे भरलेले, ओठ हसरे. तिने दिवा उचलला आणि आईच्या हातातल्या पागोट्याकडे बघत थांबली. चंदाबाई उठली, अंगण ओलांडून आली आणि ते पागोटं तिने धावजीच्या डोक्यावर ठेवलं.