बी विंगच्या पार्किंगमधला ट्रॅक्टर

खराडीच्या ऑफिसात चार माणसं कॅन्टीनला बसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "तुझ्या ट्रॅक्टरचं सांग ना." सांगून सांगून कंटाळलोय मी. पण बंद ट्रॅक्टर घेतला की किस्से आपोआप साचत जातात, त्याला कोण काय करणार? ऐका, आणि परत विचारू नका.

येरवड्याला एका भंगारवाल्याकडे हा जुना डिझेल ट्रॅक्टर पडून होता. मी विचारलं, "चालू होता का हो कधी?"

पेपरातून मान वर न करता तो म्हणाला, "चालू नव्हता तर बंद कसा पडेल?"

घेतला.

घेतला तो अण्णांसाठी, माझ्या वडिलांसाठी. मांजरीतलं आमचं उसाचं रान गेलं, त्यावर सोसायटी झाली आणि तिच्यातच आम्हाला वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. तेव्हापासून अण्णा गॅलरीत बसून. खाली उतरणं बंद, बोलणंही जवळजवळ बंद. हा माणूस असाच खुर्चीत संपणार, याची मला फार भीती वाटायची. वाटलं, माणसांसाठी नाही तर निदान ट्रॅक्टरसाठी तरी खाली येतील.

क्रेनने धूड उतरवलं तेव्हा अण्णा वरून म्हणाले, "कुणाचं मढं उचलून आणलंस रं?"

महिन्याभरातलं सगळ्यात मोठं वाक्य. बायको खूश झाली.

चेअरमन देशपांडे खूश नव्हते. "आपण ट्रॅक्टर आणलात, आनंद आहे. दसऱ्यापर्यंत स्वतःच्या चाकांवर बाहेर गेला तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला फोन करू. नंबर आपल्याकडे असेलच."

मग दर शनिवारी ऑफिसातले सचिन आणि मेघना मदतीला. आम्ही तिघंही सॉफ्टवेअर टेस्टिंगवाले. इंजिन खोलताना प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येकावर लेबल. सगळं जोडून झालं आणि एक नट उरला. परत खोललं, परत जोडलं. दोन नट उरले.

मेघना म्हणाली, "आता बास. पुढच्या वेळी इंजिनच उरेल."

इंजिन जमलं, तर सायलेन्सरच्या नळीत साळुंकीचं घरटं! तळमजल्यावरच्या काकूंनी बजावलं, पिल्लं उडेपर्यंत चावी लावायची नाही. दसरा तोंडावर आलेला आणि आम्ही खाली उभं राहून पिल्लांना पंख फुटलेत का बघतोय.

पिल्लं उडाली एकदाची. मग स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली. सचिन म्हणाला, "एकदा बंद करून चालू कर ना."

"चालू झाला की लगेच बंद करतो," मी म्हणालो. भांडायचंही त्राण नव्हतं.

शेवटी बॅटरी चार्ज करून आणली, मेघनाने डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा काढली आणि खंडेनवमीच्या दुपारी इंजिन धडधडलं. पार्किंगभर काळा धूर.

अण्णा खाली आले. बनियनवर, अनवाणी. मी सीटवरून उतरलो, ते चढले. देशपांड्यांनी स्वतः गेट उघडून धरलं.

अण्णांनी ट्रॅक्टर उलट्या बाजूला वळवला. मोकळ्या पार्किंगमधून सरळ कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेले, वळले, मघाच्या चाकोरीला लागून परत आले. पुन्हा वळले, पुन्हा भिंतीकडे.

"अहो अण्णा, गेट इकडे आहे!" देशपांडे म्हणाले.

"बांधापातूर गेल्याबिगर वळता येतंय व्हय?"

पुढच्या फेरीच्या वाटेत देशपांड्यांची गाडी उभी होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि गाडी बाजूला घेतली.