धाकटीच्या वतीनं

माझी धाकटी बहीण जन्मली तीच टाळू फाटलेली घेऊन. ओठ धड, नाक धड, पण तोंडाच्या आत वरती भगदाड. पाजलेलं दूध नाकातून यायचं. पाच वर्षांची झाली तेव्हा धुळ्याला ऑपरेशन होऊन टाळू शिवली. आम्हाला वाटलं, झालं, आता पोरगी पोपटासारखी बोलेल. कसलं काय! ती आधीसारखीच नाकातून बोलत राहिली. 'पापड' म्हणायला जायची आणि 'मामन' बाहेर यायचं.

अमळनेरच्या आमच्या घरात त्यानं काही अडत नव्हतं. आम्हाला सगळं कळायचं. वडील, म्हणजे आमचे नाना, तर लाडानं तिच्याशी तिच्यासारखंच नाकातून बोलायचे. आणि बाहेर मी होतेच. मी तेव्हा सातवीत. दुकानात ती बोलायची, मी अर्थ सांगायचे. कोणी हसलं तर त्याची खैर नसायची. या कामाचं मला केवढं भूषण!

मग तिच्या शाळेचं निघालं. हेडमास्तर नानांना म्हणाले, "पोरीचं बोलणं कोणाला कळत नाही. जळगावला मुक्या मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे, तिथं घाला. जूनपर्यंत फरक पडला तर बघू." मुकी? दिवसभर जिची टकळी चालू, ती मुकी? माझं डोकंच फिरलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दर शनिवारी आई, मी आणि धाकटी एसटीनं जायचो. पहिल्याच दिवशी बाईंनी धाकटीपुढे चित्रं मांडली, आपले ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे वही धरली आणि एकेक शब्द उच्चारला. धाकटीनं दर वेळी बरोबर चित्रावर बोट ठेवलं. बाईंनी मुद्दाम पापडाला 'मामन' म्हटलं, तर ही खदखदून हसली.

"कान पक्के आहेत हिचे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची चूक कळते. आपली कळत नाही." मग त्यांनी टेपरेकॉर्डर काढला, तिला बोलायला लावलं आणि तेच तिला परत ऐकवलं.

ऐकता ऐकता धाकटीचा चेहरा उतरला. "मी नै," म्हणाली, आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. मला त्या बाईंचा असा संताप आला! वाटलं, ते यंत्र उचलून खिडकीबाहेर फेकावं. बाईंनी तिला जवळ घेतलं, बराच वेळ पाठीवरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "हिच्या वतीनं कोण बोलतं?"

"मी," मी ऐटीत सांगितलं.

"आजपासून बोलायचं नाही. घरात कोणी हिच्यासारखं नाकातूनही बोलायचं नाही. पहिल्या खेपेला कळलं तरी कळलं नाही म्हणा. तिला पुन्हा म्हणू द्या."

नानांचं हे व्रत नव्याचे नऊ दिवससुद्धा टिकलं नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिला लाडानं नाकातून हाक मारली आणि आईनं त्यांना असं झापलं, की ते पायरीवर जाऊन बसले. मी रोज धाकटीच्या नाकाखाली आरसा धरायचे. म्हण, पा. आरशावर वाफ धरली, की हवा नाकातून गेली, पुन्हा म्हण. कधी ती चिडून आरसा ढकलायची, कधी मी उठून जायचे. आई पापड हातात धरून उभी राहायची, आणि पोर रडकुंडीला आली की आधी आईच रडायची. एप्रिलात एकदा आरसा कोरा राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच बसलो.

जूनमध्ये नाना आम्हा दोघींना घेऊन शाळेत गेले. "घरी कोण कोण असतं गं?" हेडमास्तरांनी धाकटीला विचारलं. ती बोलायला लागली, पण घाबरली, आणि सगळे शब्द नाकात गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते ही?"

मला कळलं होतं की! अगदी जिभेवर आलं होतं. इथं हुकलं तर जळगाव. नाना माझ्याकडे केविलवाणं बघत होते, बोल ना, बोल ना. मी दातांखाली ओठ धरला.

धाकटीनं माझा हात सोडला. एक पाऊल पुढे गेली, आणि एकेक अक्षर सांभाळत म्हणाली, "तिले नका इचारू. माले इचारा."

हेडमास्तरांनी प्रवेशाचा फॉर्म पुढे ओढला. मला इतका आनंद झाला, आणि तिनं सोडलेला हात असा रिकामा वाटला, की मी व्हरांड्यात जाऊन रडले.