दौलताबादच्या घाटात अरामिडची दोरी

जायचं ठरलं ते प्रज्ञाच्या पप्पांमुळं. तिनं घरी माझं नाव काढलं तेव्हा साळवे काका एवढंच म्हणाले, "रविवारी म्हैसमाळला जाऊ, त्यालाबी बोलव. पोरगा कसाय ते रस्त्यात कळतं." प्रज्ञा बिडकीनजवळ दोरांच्या कारखान्यात लॅबला आहे. मी बी.एस्सी. अर्धी सोडलेला. म्हणजे ही माझी परीक्षाच.

मुकुंदवाडीहून सकाळी लवकर निघा, छावणी ओलांडेपर्यंत गर्दी लागत नाही. ते दोघं जुन्या व्हॅनमध्ये, मी मामाची जीप घेऊन त्यांच्या मागं. दौलताबादच्या दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी निघते. तिथं हॉर्न वाजवून उपयोग नाही, मी वाजवून बघितलाय. किल्ल्यापाशी पेरू घ्या, तिखटमीठ लावून.

घाटात दुसऱ्या वळणावर जळका वास आला आणि व्हॅन थांबली. क्लच गेला होता.

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. माझ्याकडं अरामिडची, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात असतो तसल्या धाग्याची, दोरी होती. प्रज्ञानंच दिलेला कारखान्यातला नापास तुकडा, दोन्ही टोकांना विणलेले फासे, कारण गाठ मारली की हिची ताकद घटते. वरून काळं कव्हर, कारण आतला पिवळा धागा उन्हानं खराब होतो. बाकी वजनाला वजन ठेवलं तर पोलाद मागं पडतं.

"हिनं ट्रक ओढता येतो काका," म्हणत मी जीप व्हॅनच्या पुढं घेतली, फासे अडकवले आणि दामटली. मागून प्रज्ञा "हळू" म्हणाली. ऐकलं होतं मी.

खाडकन आवाज आला. व्हॅनचा हूक बंपरसकट उपटून जीपच्या मागच्या दारावर आदळला. दोरीला ओरखडा नाही.

काका उतरले, बघत राहिले. "दोरी लई भारी हाय. गाडी माझी होती."

"हूकच गंजलेला होता," मी तापलो.

"अमल्या, गंजावर ढकलू नको," प्रज्ञा म्हणाली. "साध्या नायलॉन दोरीचे रेणू वेटोळलेले असतात. ओढलं की दोरी लांबते, झटका पिऊन टाकते. हिचे रेणू बेंझिनच्या कड्यांचे, सळईसारखे ताठ, आणि हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्याला धरून बसलेले. आधीच सरळ आहेत, आता काय लांबतील? तू दिलास तो झटका सगळा हुकाला."

"मग ओढायची कशी?"

"आधी ढील संपव. ताण आला की मग चल."

दुसऱ्या बाजूचा हूक शाबूत होता. प्रज्ञा व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसली, काका माझ्या शेजारी.

"मी सांगीन तवा क्लच सोड," ते म्हणाले. मुंगीच्या चालीनं निघालो.

"कॉलेज का सोडलं?"

"सर सगळ्यांसमोर बोलले."

"आता मीबी बोललो. जीप सोडून जातो का?"

डोकं सणकलं, पण पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"नाय काका. मागं प्रज्ञा बांधलीय."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. हसले का, दिसलं नाही.

खुलताबादला काकांच्या नेहमीच्या गॅरेजात व्हॅन क्लचपुरती सोडली, चहा-भजी खाल्ली आणि तिघं जीपनं परतलो. म्हैसमाळ राहिलंच. तुम्ही मात्र जा, रस्ता झकास आहे. उतरताना काका म्हणाले, "पुढच्या रविवारी घरी ये. जेवायला नाय, बंपर बसवायला."

घरी येऊन पडलो तरी पोटऱ्या दुखत होत्या. प्रज्ञाला मेसेज केला, हे हो समजायचं की नाही?

तिचं उत्तर आलं, "पप्पा त्या गाडीला कुणाला हात लावू देत नाहीत."