गाडी येऊलालीय

लातूरकडून आम्ही तळवड्याला राहायला आलो तेव्हा मी पाचवीत होते. वर्गाच्या खिडकीतून पाण्याचा टँकर दिसला म्हणून मी सांगितलं, "बाई, गाडी येऊलालीय." आमच्याकडे सगळे असंच बोलतात. वर्ग हसला. बाईंनी मला फळ्यापुढे उभं केलं आणि हसू थांबेपर्यंत "गाडी येत आहे" असं म्हणायला लावलं. हसू थांबत नव्हतं, कारण बाईही हसत होत्या. याला शिकवणं म्हणतात म्हणे.

तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासते आणि मगच तोंड उघडते. लोकांना मी शांत स्वभावाची वाटते.

परवा महाळुंग्याच्या कंपनीत आमची दुसरी शिफ्ट होती. माझी मैत्रीण वाकून खोकी बांधत होती आणि तिच्या मागून फोर्कलिफ्टची गाडी रिव्हर्समध्ये येत होती. चालवणाऱ्याला ती दिसत नव्हती. मला दोघंही दिसत होते. तोंडात "येऊलालीय" आलं आणि मी ते दातांमागेच अडवलं. शुद्ध वाक्य जुळवेपर्यंत पलीकडून कोणीतरी "ए, सरक" म्हणून ओरडलं. ती कशीबशी बाजूला झाली. खोक्यांचा चुराडा झाला.

धापा टाकतच ती माझ्याकडे आली. "तू तर तिकडंच बघत होतीस. बोलली का नाहीस?"

"मला गाडी दिसली नाही," मी म्हणाले. एकही चूक न करता.